आरोग्यखर्चाचा हिशेब मांडणारे सॉफ्टवेअर

ठराविक निधीत कोणती आरोग्यसेवा दिल्यास अधिक जीव वाचतील, हे ठरविण्याची पद्धत म्हणजे निर्णय-विश्लेषण. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पर्यायाला फांद्या पाडून 'निर्णयवृक्ष' आखतात. फांदीवर शक्यता आणि टोकाशी खर्च व लाभ नोंदवितात. पुढे त्यात नव्या सोयींची भर पडली. 'मार्कोव्ह' प्रारूपात निरोगी, आजारी, मृत या अवस्थांमधील बदल वर्षागणिक मोजता येतो. सूक्ष्म-अनुकरणात हजारो काल्पनिक व्यक्तींचे आयुष्य एकेक करून तपासले जाते. गृहीतके बदलल्यास निष्कर्ष टिकतो का, हेही पाहता येते.

बीड जिल्ह्यातील केज हा ऊसतोड मजुरांचा तालुका. येथे दवाखान्याचा प्रत्येक हेलपाटा म्हणजे बुडालेली मजुरी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी भारतासह पाच देशांसाठी केलेले प्रारूप २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णाचा वेळही खर्चात धरला होता. पस्तिशीत एकदाच, एका किंवा दोन भेटींत तपासणी व उपचार केल्यास आयुष्यभराचा धोका २५ ते ३६ टक्क्यांनी घटतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

केजलगतच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांचा प्रत्यक्ष अभ्यास १९९९ मध्ये सुरू झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये दिसून आले.

प्रारूपातून हेलपाट्याचा खर्च वगळला, तर तीन भेटींची पद्धत कागदावर स्वस्त दिसते; प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला अनेक महिला पोहोचतच नाहीत.