सालाचा ठराव आणि पगाराचा ठराव

चैत्री पाडव्याला मराठवाड्याच्या खेड्यांतून गुढीबरोबर आणखी एक व्यवहार उभा राहत आला आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील बोरी व भोंवतालचा मुलूख या व्यवहारास अपरिचित नाहीं. शेतमालक व सालगडी त्या दिवशीं पुढल्या वर्षाचें ‘साल’ ठरवितात: रोख रक्कम किती, धान्य किती, कपडे व जोडे कोणीं द्यावयाचे आणि आगाऊ उचल किती. अशाच एखाद्या गांवांतून शिकून हिंजवडीस सॉफ्टवेअरच्या धंद्यांत गेलेल्या तरुणाचा पगारहि बहुधा याच सुमारास, एप्रिलांत, नव्यानें ठरतो. या दोन ठरावांची तुलना वरवर चमत्कारिक वाटेल. परंतु ती बोधप्रद आहे.

सालगड्याचा ठराव उघड असे. कोणाचें साल कितीला ठरलें हें पारावर सर्वांस कळे. त्यामुळें शेजाऱ्याचा आंकडा दाखवून आपला वाढवून मागतां येई. पण लग्नाकार्यासाठीं वा दुखण्यासाठीं घेतलेली उचल फिटेपर्यंत मालक सोडतां येत नसे. भाव ठाऊक, पण पाय बांधलेले, अशी ही स्थिति होती. कर्जानें बांधलेल्या अशा श्रमाविरुद्ध कायदा झाला तो १९७६ सालीं.

मुंबईच्या गिरण्यांत मजूर असा बांधलेला नव्हता; तरी एकाच कामाचा दर गिरणीगणिक निराळा होता, व एकट्यादुकट्यास तो भेद मिटविणें शक्य नव्हतें. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपांत दरांच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि फॉसेट समितीपुढें गेला. तडीस जाण्यास त्याला १९४७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यानें प्रमाणित वेतन ठरलें. २६ दिवसांच्या कामास किमान मूळ वेतन ३० रुपये, महागाईभत्ता वेगळा.

आजचा संगणक-कामगार मालक बदलूं शकतो. किंबहुना पगार वाढविण्याचा त्याचा मुख्य मार्ग तोच. मात्र तो वाटाघाट करतो एकटा, आणि तीहि बहुधा अंधारांत. शेजारीं बसून तेंच काम करणाऱ्याचा पगार त्यास ठाऊक नसतो. नवा आंकडा पुष्कळदां मागच्या पगारावरून ठरतो, त्यामुळें एकदां कमी मिळालेलें पुढेंहि कमीच राहतें. स्त्रियांस याची झळ विशेष लागते. मालक बदलण्याचें स्वातंत्र्यहि सर्वस्वीं निर्धोक नाहीं. ॲपल, गूगल, इंटेल प्रभृति अमेरिकन कंपन्यांनीं एकमेकींचीं माणसें न ओढण्याचे करार केले होते. तेथील न्यायखात्यानें २०१० सालीं त्यांस आळा घातला, व कर्मचाऱ्यांच्या दाव्याची तडजोड २०१५ सालीं ४१.५ कोटी डॉलरांवर झाली.

तात्पर्य, पगार केवळ गुणांवर ठरत नाहीं. चालू भाव ठाऊक असणें, सोडून जाण्याची मोकळीक असणें आणि सोबत्यांचें पाठबळ असणें, या तीन गोष्टींपैकीं ज्याच्यापाशीं जितकें असेल तितकें त्याच्या पदरांत पडतें. आपल्या घरांतून मात्र मुलामुलींची योग्यता त्यांच्या पगाराच्या आंकड्यावरून मोजली जाते. त्या मोजमापास इतिहासाचा आधार नाहीं.