हिरड्यांतून रक्त येतं, दात लांब दिसू लागलेत? पायोरियाच्या उपचारात नेमकं काय करतात?

सकाळी ब्रश करून थुंकल्यावर बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसतो. दुखत काहीच नाही. अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर टूथपेस्ट बदलतात, नाहीतर जिथून रक्त येतं ती जागा सोडून बाकीचे दात घासतात.

यातली दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. कारण हिरडीतून रक्त येतं ते बहुतेक वेळा ब्रश लागल्यामुळे नाही, तर तिथे ब्रश नीट पोहोचत नसल्यामुळे. ती जागा टाळली की तिथली सूज वाढते, सूज वाढली की रक्त आणखी सहज येतं आणि माणूस ती जागा आणखी टाळतो. असं वर्षानुवर्षं चालतं. मग एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना लक्षात येतं, की पुढचा दात हलतोय.

आजी-आजोबांच्या तोंडी असलेला 'पायोरिया' तो हाच. याच्या उपचारांबद्दल जितके गैरसमज आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या आजाराबद्दल असतील. 'दात साफ केले की हलायला लागतात' हा त्यातला सगळ्यात जुना.

ब्रश बंद केला तर किती दिवसांत सूज येते?

याचं उत्तर 1965 साली डेन्मार्कमधल्या ऑऱ्हूस शहरात मिळालं. हॅराल्ड लो या दंतसंशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा दात घासायला लावलं आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. ना औषध, ना ऑपरेशन.

म्हणजे फक्त हिरडी सुजली आहे, रक्त येतंय, पण आतलं हाड शाबूत आहे, अशा टप्प्यावर आजार पूर्ण मागे फिरतो. गुलाबी फेसाचा इशारा याच टप्प्यावर मिळालेला असतो.

दातांवर रोज एक चिकट, पांढरट थर बसतो. तो जिवंत जंतूंचा असतो आणि त्याला प्लाक म्हणतात. तो काढला नाही, तर थुंकीतले क्षार त्यात जमून काही दिवसांत त्याचं दगडासारखं कीटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवली की जो खरखरीत, पिवळट थर लागतो, तोच हा. कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक आणखी सोयीने बसतो आणि हळूहळू हिरडीच्या खाली सरकतो.

निरोगी दाताभोवती हिरडीची 1 ते 3 मिलिमीटर खोल अशी एक बारीक फट असते. आजार वाढला की ती 4, 5, 6, कधी 8 मिलिमीटरपर्यंत खोल होते. डॉक्टर तिला 'पॉकेट' म्हणतात. घरचा ब्रश इतक्या खोल जात नाही. तिथल्या जंतूंशी लढता लढता शरीराची स्वतःचीच सूज दाताला धरून ठेवणारं हाड खाऊन टाकते. आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

सगळ्यांचेच दात का पडत नाहीत?

'आमच्या आजोबांनी आयुष्यभर ब्रश हातात धरला नाही, तरी शेवटपर्यंत ऊस खायचे' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ते खोटं असेलच असं नाही.

याच लो यांनी 1970 पासून 15 वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या 480 पुरुष मजुरांचे दात तपासले. त्यांना टूथब्रश माहीत नव्हता आणि दाताचा डॉक्टरही मिळत नव्हता. दात किडण्याचं प्रमाण त्यांच्यात जवळपास शून्य होतं, पण हिरड्या मात्र जवळपास सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या. तरीही 11 टक्के लोकांचं पुढे काहीच बिघडलं नाही. 81 टक्के लोकांमध्ये आजार मध्यम वेगाने वाढला. उरलेल्या 8 टक्के लोकांचे दात विशीतच पडायला सुरुवात झाली आणि 45 वर्षांपर्यंत सगळे गेले.

तोंड सगळ्यांचं सारखंच अस्वच्छ, पण परिणाम वेगळे. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तंबाखूचा आहे, मधुमेहाचाही आहे. आजोबा त्या 11 टक्क्यांतले असतील. नातू कुठल्या गटातला आहे, हे त्याच्या हिरड्या मोजल्याशिवाय कळत नाही.

उपचाराची सुरुवात मोजण्याने होते

चांगला डॉक्टर आधी मशीन हातात घेत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट, बारीक काडी तो प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालतो आणि आकडे सांगत जातो: तीन, दोन, पाच, सहा. कुठे रक्त आलं, कुठला दात किती हलतो, हिरडी किती खाली सरकली, हेही लिहून ठेवतो. सोबत एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते पाहतो. पुढचे सगळे निर्णय या तक्त्यावर ठरतात. ही मोजणी न करताच कुणी थेट लेझरचं पॅकेज सांगत असेल, तर आधी तक्ता मागावा.

पॉकेट नसतील तर साधं स्केलिंग पुरतं. पाण्याचा फवारा उडवणाऱ्या, वेगाने कंप पावणाऱ्या टोकाने कीटण फोडून काढतात. त्यासाठी सहसा एक बैठक लागते.

पॉकेट 4 मिलिमीटर किंवा त्याहून खोल असतील, तर हिरडीच्या खाली, दाताच्या मुळावर बसलेलं कीटण काढावं लागतं. याला डॉक्टर 'डीप क्लीनिंग' किंवा 'रूट प्लेनिंग' म्हणतात. त्यासाठी इंजेक्शनने जागा बधिर करतात आणि तोंडाचा एकेक भाग घेऊन काम करतात, त्यामुळे दोन ते चार बैठका लागू शकतात. हे काम किचकट असतं आणि रुग्णाला कंटाळवाणं वाटतं. पण पायोरियाच्या उपचाराचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे. बऱ्याच जणांना यापुढे काही लागतच नाही.

मग साफ केल्यावर दात हलतात कसे?

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. लोकांना जे दिसतं ते खरंच असतं, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो.

हाड गेलेले दात कधी कधी एकमेकांना चिकटलेल्या कीटणाच्या आधाराने उभे असतात. कीटण काढलं की तो खोटा आधार जातो आणि दात आधीपासून किती हलत होता ते उघड होतं. कीटणाने भरलेल्या फटी रिकाम्या होतात, म्हणून 'दातांत भोकं पडली' असं वाटतं. सूज उतरल्यावर हिरडी आकसते आणि दात लांब दिसतात. मुळाचा उघडा भाग गार पाण्याने सणकतो. दातावरचं पांढरं, टणक आवरण मुळावर नसतं, त्यामुळे तिथे गार-गरम पटकन जाणवतं. ही सणक बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होते. तशीच राहिली, तर सेन्सिटिव्ह दातांसाठीची पेस्ट किंवा डॉक्टरने लावलेलं फ्लोराइड उपयोगी पडतं.

सूज गेली की हलणारे काही दात पुन्हा घट्टही होतात. अडचण अशी, की साफ केल्यावर दुसऱ्याच दिवशी लांब दिसणारे दात सगळ्यांना दिसतात. दोन महिन्यांनी घट्ट झालेला दात कुणी शेजाऱ्याला सांगायला जात नाही.

ऑपरेशन कधी लागतं?

डीप क्लीनिंगनंतर साधारण सहा ते बारा आठवड्यांनी तीच मोजणी पुन्हा करतात. पॉकेट 4 मिलिमीटर किंवा कमी आणि रक्त नाही, तर उपचार यशस्वी झाला असं धरतात. 6 मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट उरले असतील, तर फ्लॅप सर्जरीचा विचार होतो. त्यात हिरडी बाजूला करून मूळ डोळ्यांनी दिसेल अशा स्थितीत साफ करतात आणि हिरडी पुन्हा टाक्यांनी बसवतात. हेही जागा बधिर करून, खुर्चीतच होतं.

हाडात खोल, अरुंद खड्डा पडला असेल, तर त्यात हाडाची पूड, पातळ पडदा किंवा डुकराच्या दातांच्या कोंबांपासून काढलेल्या प्रथिनांची जेल घालून थोडं हाड परत मिळवता येतं. ज्यांना धार्मिक कारणाने किंवा शाकाहारामुळे अडचण असेल, त्यांनी पूड किंवा जेल कशापासून बनली आहे हे आधीच विचारावं. मात्र सगळीकडून सपाट झिजलेलं हाड या उपायाने वर येत नाही.

लेझरची जाहिरात जोरात असते. पण युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या महासंघाने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डीप क्लीनिंगला लेझरची जोड देण्याची शिफारस केलेली नाही. गोळ्यांच्या बाबतीतही त्यांचं मत तेच आहे. अँटिबायोटिक सरसकट प्रत्येकाला देऊ नये, ठरावीक रुग्णांपुरतंच ठेवावं. मेडिकलमधून आणलेल्या गोळीने चार दिवस सूज उतरते, पण कीटण जागच्या जागीच असतं. तुरटीच्या गुळण्या, हळद, लवंगेचं तेल यांचंही तसंच. तात्पुरतं बरं वाटेल, पण दगड विरघळणार नाही.

खाली सरकलेली हिरडी परत वर येते का?

'सात दिवसांत हिरड्या वाढवा' अशा रील्सना प्रचंड व्ह्यूज मिळतात. पण मुळावरून सरकलेली हिरडी तेल चोळून परत वाढत नाही.

हिरडी सरकण्यामागे एकटा पायोरियाच असतो असं नाही. कडक ब्रशने आडवं, करवतीसारखं घासणाऱ्यांच्या हिरड्या अगदी स्वच्छ असूनही सरकतात. बऱ्याचदा उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूच्या सुळ्याजवळ हे दिसतं. काहींची हिरडी मुळातच पातळ असते, काहींचे दात हाडाच्या बाहेर डोकावणारे असतात.

महाराष्ट्रात आणखी एक कारण घराघरांत आहे, ते म्हणजे मशेरी. दात साफ करण्याच्या उत्पादनांमध्ये तंबाखू वापरायला भारतात 1992 पासून बंदी आहे. तरीही भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक बायका आजही दिवसातून तीन-चार वेळा हिरड्यांवर चोळतात. तंबाखू जिथे चोळली किंवा धरली जाते, तिथली हिरडी सरकते. सिगारेट-बिडीचं आणखी एक वाईट म्हणजे हिरड्यांतून येणारं रक्त कमी होतं. म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते आणि आत हाड झिजत राहतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. मशेरी सोडताना 'दात दुखतात' ही तक्रार हमखास येते, म्हणून ती सोडणं आणि हिरड्यांचा उपचार एकाच वेळी सुरू केला तर सोपं जातं.

सरकलेली हिरडी झाकायला शस्त्रक्रिया आहे. टाळूच्या त्वचेखालचा एक पातळ तुकडा काढून उघड्या मुळावर ठेवतात आणि वरची हिरडी ओढून त्यावर शिवतात. टाळूची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. ते दिवस तिखट आणि कडक खाणं बंद. शेजारच्या दोन दातांच्या मधली हिरडी आणि हाड शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाऊ शकतं. तेच झिजलं असेल, तर थोडंच झाकलं जातं किंवा अजिबात नाही. म्हणजे जोरात ब्रश केल्यामुळे सरकलेल्या हिरडीला चांगली संधी असते आणि पायोरियाने गेलेल्या हिरडीला कमी. शिवाय सणक नसेल, वाढ थांबलेली असेल आणि दिसायला त्रास वाटत नसेल, तर काहीच न करता नुसतं लक्ष ठेवणं हाही रास्त पर्याय आहे.

मधुमेह असेल तर

साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. 35 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए1सी सरासरी 0.43 ने कमी झालेलं दिसलं. मधुमेहाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या हिरड्या तिथे पाहिल्या जातात, हा वेगळा प्रश्न. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटॉइन ही औषधं घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगतात. पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगितलं तर ती बदलता येते.

कुठे जायचं आणि नंतर काय?

साधं स्केलिंग कुठलाही बीडीएस डॉक्टर करतो. खोल पॉकेट किंवा हिरडीच्या ऑपरेशनसाठी पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे या विषयात एमडीएस केलेला डॉक्टर लागतो. खासगीत खर्च परवडत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथे फेऱ्या जास्त होतात आणि काम बऱ्याचदा शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, पण फी खासगीच्या तुलनेत खूपच कमी असते.

घरी मऊ ब्रश हिरडी आणि दाताच्या सीमेवर तिरका धरून हलकेच फिरवायचा. दातांमध्ये फटी पडल्या असतील, तर बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश फ्लॉसपेक्षा चांगलं काम करतो. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल, तरी घासणं थांबवायचं नाही. दोन आठवडे नीट घासूनही रक्त येतच राहिलं, तर मात्र आत कीटण आहे असं समजून दाखवायला जायचं.

एकदा पायोरिया झालेल्या माणसाला दर तीन ते सहा महिन्यांनी परत बोलावतात. खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा तीच खुणांची काडी बाहेर येते आणि नवे आकडे जुन्या तक्त्याशेजारी लिहिले जातात.