झीरो लढाऊ विमाने : उड्डाणक्षम अवशेष

दुसऱ्या महायुद्धातील जपानी नौदलाच्या मित्सुबिशी ए६एम या एकासनी लढाऊ विमानांपैकी आजही आकाशात विहरणारी मोजकी विमाने. जपानी राजशकाच्या २६०० व्या वर्षी, म्हणजे १९४० मध्ये, ही जात नौदलात दाखल झाली. त्या सालातील अखेरच्या शून्यामुळे तिला ‘झीरो’ म्हणतात. अभियंता जिरो होरिकोशी यांनी वैमानिकाभोवतीचे चिलखत आणि गोळी लागताच आपोआप बुजणारी इंधनटाकी या दोहोंना फाटा देऊन, नव्या बळकट ड्युराल्युमिन मिश्रधातूचा सांगाडा शक्य तेथे छिद्रे पाडून हलका केला. त्यामुळे विमानास विलक्षण चपळाई लाभली, परंतु पेट घेण्याचा धोकाही त्याच हिशेबाने वाढला. एकंदर दहा हजारांहून अधिक विमाने तयार झाली व त्यांतील निम्म्याहून अधिक नाकाजिमा कंपनीने बांधली.

एवढ्या संख्येतून उडती विमाने बोटांवर मोजण्याइतकीच उरावीत, याचे कारण केवळ युद्धातील हानी नव्हे. शरणागतीनंतर दोस्तांच्या हुकुमाने जपानमधील लष्करी विमाने जाळण्यात अथवा मोडीत काढण्यात आली आणि १९५२ पर्यंत त्या देशास विमाने बांधण्याचीच मनाई होती. साहजिकच जे वाचले ते बहुधा शत्रूने जप्त केलेले, किंवा पॅसिफिकमधील बेटांवर व न्यू गिनीच्या रानात टाकून दिलेले होते.

या अवशेषांत सर्वांत मोलाचे विमान कॅलिफोर्नियातील चिनो येथील ‘प्लेन्स ऑफ फेम’ संग्रहालयात आहे. शेपटीवर ६१-१२० हा क्रमांक मिरवणारे हे नाकाजिमा-निर्मित ए६एम५ जून १९४४ मध्ये सायपान बेटावरील आस्लितो विमानतळावर अमेरिकनांच्या हाती लागले, चाचण्यांसाठी अमेरिकेस नेण्यात आले व जीर्णोद्धारानंतर १९७८ मध्ये पुन्हा उडाले. मूळच्या चौदा सिलिंडरांच्या ‘साकाए’ इंजिनावर उडणारे हे एकमेव झीरो होय. अन्य उडत्या झीरोंत अमेरिकन प्रॅट अँड व्हिटनी इंजिन बसविलेले असून त्यांचा बराचसा धातूही नव्याने घडविलेला आहे. त्यांचे आकाशातील रूप अस्सल दिसले तरी आवाज परका असतो. या विमानाची खरी ओळख ज्यास करून घ्यावयाची असेल त्याने चिनोचीच वाट धरावी, हे उत्तम. अमेरिकन इंजिनावरील असेच एक जपानी मालकीचे झीरो जानेवारी २०१६ मध्ये कागोशिमा प्रांतातील कानोया तळावरून उडाले.

भूसेनेच्या लढाऊ विमानांचे नशीब याहून खडतर ठरले. फिलिपीन्समध्ये पकडलेले नाकाजिमा ‘हायाते’ अमेरिकेत दुरुस्त होऊन १९७३ मध्ये उडत्या स्थितीत मायदेशी परतले, पण पुढे त्याची आबाळ झाली. आता ते चिरान येथील संग्रहालयात जमिनीवरच आहे.

हवाई प्रदर्शनांतून ‘झीरो’ म्हणून उडविली जाणारी कित्येक विमाने मात्र ‘तोरा! तोरा! तोरा!’ या १९७० च्या चित्रपटासाठी रूपांतरित केलेली अमेरिकन प्रशिक्षण-विमाने आहेत. त्यांचीच सख्खी भावंडे ‘हार्वर्ड’ या नावाने आपल्या हवाईदलात नवशिक्या वैमानिकांची तालीम घेत असत.