बंब अडवून बसलेली वस्ती

जून 1975. न्यूयॉर्कला येणाऱ्या पर्यटकांसाठी एक पत्रक छापलं गेलं. मुखपृष्ठावर कवटी, मथळा ‘भयनगरीत स्वागत’. आत सल्ले: संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर थांबू नका, सबवेनं जाऊ नका, हॉटेलात खोली आगीच्या जिन्याजवळची मागा. पत्रक काढणारे कोण, तर शहराच्या पोलिसांच्या आणि अग्निशमन जवानांच्या युनियन!

शहराचे खिसे रिकामे झाले होते. बँकांनी कर्जरोखे घ्यायचं थांबवलं होतं. 1 जुलैला महापौर एब्राहम बीम यांनी हजारो कर्मचारी कामावरून काढले, त्यांत सुमारे 1,600 अग्निशमन जवान. काहींना थोड्याच दिवसांत परत बोलावलं. नियम ‘शेवटी आला तो आधी गेला’ असा, त्यामुळे कुऱ्हाड पडली ती तरुणांवर.

जवानच का? साधा हिशोब करून बघा. आठवड्याचे तास 168. एक माणूस काम करणार 40 तास. म्हणजे बंबावरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला चार माणसं पुरत नाहीत. रजा, आजारपण धरलं तर पाचेक लागतात. बंब एकदा विकत घेतला की वर्षानुवर्षं चालतो. खर्च असतो तो माणसांचा. पगाराचा आकडा करारानं बांधलेला. मग पैसे वाचवायचे तर पालिकेच्या हातात उरतं काय? माणसांची संख्या.

या कपातीची सुरुवात 1975 च्याही आधीची. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राँक्समध्ये आगी वाढत चालल्या होत्या आणि युनियन जास्त माणसं मागत होती. महापौर जॉन लिंडसे यांनी रँड या संस्थेच्या गणितज्ञांना बोलावलं. त्यांनी मोजलं, पहिला बंब किती वेळात पोहोचतो. आता गोम बघा. दाट, गरीब वस्तीत ठाणी जवळजवळ असतात, कारण तिथं आगी जास्त लागतात. पण घड्याळ धरलं की त्यांतलं एक ठाणं ‘जादा’ दिसतं; ते काढलं तर फरक पडतो काही सेकंदांचा. उरलेल्या बंबाला एका रात्रीत किती वेळा धावावं लागेल, ही गोष्ट घड्याळात तितकीशी दिसत नाही. 1972 पासून ठाणी बंद होऊ लागली. 1970 ते 1980 या काळात ब्राँक्सच्या सात जनगणना विभागांतल्या 97 टक्क्यांहून अधिक इमारती आगीत किंवा ओस पडून गेल्या. सगळा दोष ठाण्यांच्या माथी मारता येणार नाही. विम्यासाठी घरं पेटवणारे मालक होतेच. पण आग लागल्यावर ती पसरू न देण्याचं काम दुसरं कोण करणार होतं?

युनियनही धुतल्या तांदळासारखी नव्हती. 6 नोव्हेंबर 1973 ला तिनं साडेपाच तासांचा संप केला. सरकारी नोकरांना संपाची बंदी होती, ते एक वेळ सोडा. सभासदांनी मतदानात संप नाकारला होता आणि नेत्यांनी त्यांना उलटंच सांगितलं! दोन वर्षांनी हीच युनियन लोकांच्या जिवाबद्दल बोलू लागली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात शंका असणं स्वाभाविक होतं.

त्यामुळे मला खरी लढाई वाटते ती ब्रुकलिनच्या नॉर्थसाइडची. तिथं पोलिश आणि इटालियन कामगारांची वस्ती, लाकडी घरं एकमेकांना चिकटलेली. नोव्हेंबर 1975 मध्ये पालिका तिथलं ‘इंजिन 212’ हे ठाणं बंद करायला आली. लोक आत शिरले आणि बंब बाहेर जाऊ दिला नाही. पाळ्या लावून ते तिथंच झोपू लागले. ठाण्याचं नाव पडलं ‘पीपल्स फायरहाऊस’. हा मुक्काम सुमारे सोळा महिने चालला. करार त्यांचा नव्हता, पगारवाढ त्यांना मिळणार नव्हती; ज्यांची घरं जळणार होती ते बसले होते. शेवटी पालिका नमली आणि ठाण्यात पुन्हा सेवा सुरू झाली.

2003 मध्ये अंदाजपत्रकात पुन्हा तूट आली. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी सहा ठाण्यांचे बंब बंद केले आणि त्यांत इंजिन 212 होतं. 11 सप्टेंबर 2001 ला याच खात्याचे 343 जण गेले होते. मधे दोन वर्षंही झाली नव्हती.