नव्या गाडीचा रंग आणि जुना कारखाना : ‘दर्जा’चा इतिहास कसा वाचायचा?

पीएचडीसाठी विषय शोधताना आपण बहुतेक जण मोठं काहीतरी शोधत असतो. औद्योगिकीकरण, जागतिकीकरण, कामगार चळवळ वगैरे. आज मी मुद्दाम एक छोटा, जवळजवळ किरकोळ वाटणारा प्रश्न घेतलाय. नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी ताब्यात घेताना तिचा रंग आणि पत्र्याची जुळणी कशी आहे, हा तो प्रश्न. त्यातून इतिहासाचा विषय कसा तयार होतो, पुरावे कुठून येतात आणि घाईने निष्कर्ष काढला तर कुठे फसायला होतं, हे बघू.

आपल्याकडे गाडीची डिलिव्हरी घेण्याआधी लोक ‘पीडीआय’ करतात. टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतात. बोनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का? दाराच्या आतल्या कडेला रंग नीट पोचलाय का? क्लिअर कोटखाली धुळीचा कण अडकलाय का? रंगाचा ओघळ किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसतो का? अमेरिकेत २०१७ नंतर टेस्लाच्या मॉडेल ३ बद्दल नेमक्या याच तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. गाडीच्या बॅटरीचं आणि मोटरचं कौतुक करणारे मालकच रंगाबद्दल आणि फटींबद्दल कुरकुरत होते. गाड्या उघडून अभ्यासणारे डेट्रॉइटचे अभियंते सँडी मन्रो यांनी २०१८ मध्ये मॉडेल ३ चा एकेक भाग सुटा केला. बॉडीच्या जुळणीवर त्यांनी कडक टीका केली आणि बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्सची मात्र वाखाणणी केली.

म्हणजे आपला प्रश्न असा : जी कंपनी नव्या तंत्रात इतरांच्या पुढे होती, तिला शंभर वर्षं जुनं रंगकाम का जड गेलं?

आधी तयार उत्तरं तपासा

कुठल्याही प्रश्नाला लोकांकडे तयार उत्तरं असतातच. ती टाकून द्यायची नाहीत, तपासायची. इथे दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, ‘तिथले कामगारच तसे.’ दुसरं, ‘कॅलिफोर्नियात प्रदूषणाचे नियम कडक, त्यामुळे तिथे चांगला रंग मारताच येत नाही.’

दोन्ही तपासायला आपल्याला एक नशिबाने मिळालेली सोय आहे. मॉडेल ३ जिथे बनत होती, तो कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना टेस्लाने बांधलेला नाही. १९६० च्या दशकात तो जनरल मोटर्सने उभारला. गैरहजेरी, संप, भांडणं आणि खराब गाड्या यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीतून तिथे ‘नुमी’ नावाची नवी कंपनी सुरू झाली. कामगार कुठून आणले? सुरुवातीच्या कामगारांपैकी साधारण ८५ टक्के त्याच बंद पडलेल्या कारखान्यातले होते. संघटनाही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. त्यांच्यातल्या अनेकांना टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. चूक दिसली की दोरी ओढायची, गरज पडली तर अख्खी लाइन थांबवायची, हा अधिकार साध्या कामगाराला मिळाला.

एमआयटीच्या संशोधकांनी १९८७ ची तुलना केली. जुळणीतल्या चुका मोजल्या, तर जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात शंभर गाड्यांमागे १३५ दोष होते. ताकाओकात ४५, आणि नुमीतही ४५.

हा एक आकडा ‘तिथले कामगारच तसे’ हे उत्तर मोडीत काढतो. माणसं तीच, इमारत तीच, पद्धत बदलली आणि गाडी बदलली. ज्या लोकांना आळशी आणि बेशिस्त ठरवून १९८२ मध्ये घरी बसवलं गेलं, त्यांच्यावरचा तो शिक्का चुकीचा होता. इतिहासात असे शिक्के फार काळ टिकतात. ते तपासणं हेही आपलं काम आहे. मात्र नुमीला लगेच स्वर्ग ठरवू नका. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनी १९८८ मध्ये या पद्धतीवर टीका केली. माणसांवर सतत ताण ठेवून केलेलं व्यवस्थापन, असं त्यांचं म्हणणं होतं. गाडी चांगली निघाली म्हणजे ती बनवणाऱ्याचा दिवस चांगला गेला, असं होत नाही.

दुसरं उत्तरही याच इमारतीत अडकतं. नुमीने २०१० पर्यंत तिथेच, त्याच राज्यात, कोरोला आणि टॅकोमा रंगवून बाहेर काढल्या. नियमांचा काहीच परिणाम नसेल असं नाही. ते काळानुसार बदललेही. पण एकटं तेवढं कारण पुरत नाही.

रंगाला वेळ लागतो

आता थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखं व्हार्निश लावायचे. थरावर थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, परत लावायचा. त्यात आठवडे जायचे. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात चालती जुळणी लाइन आली. पुढच्या वर्षी चॅसिसची जुळणी बारा तासांवरून साधारण दीड तासावर आली. जुळणी पळायला लागली, पण रंग आपल्याच गतीने वाळत होता.

१९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. ‘काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून’ हे कारण आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण फोर्डच्या जुन्या कागदपत्रांवर काम केलेल्यांना वेगळं चित्र दिसलं. काळ्या रंगाचे कितीतरी प्रकार वापरले जात, प्रत्येकाचा वाळण्याचा काळ वेगळा असे, आणि काळा स्वस्त व टिकाऊ होता हे कारण जास्त पटणारं आहे. इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या : एखादं कारण ऐकायला छान, सुटसुटीत वाटत असेल तर मूळ कागद आधी बघा.

पुढे ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो दिसला. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रंगीत गाड्या स्वस्तात शक्य झाल्या. अर्ध्या रंगवलेल्या गाड्या ठेवायला लागणारी अवाढव्य जागाही वाचली.

आजच्या पेंट शॉपमध्ये बॉडी आधी धुतात, रसायनाच्या हौदात बुडवतात, विजेच्या मदतीने गंजरोधक थर चढवतात, भट्टीत भाजतात. मग सांध्यांना सीलर, त्यावर प्रायमर, रंगाचा बेस कोट, वर पारदर्शक क्लिअर कोट आणि पुन्हा भट्टी. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. यातला प्रत्येक टप्पा मिनिटांत बांधलेला असतो. लाइनचा वेग वाढवायचा तर भट्टी लांब करा, नाहीतर दुसरी बांधा. काहीच केलं नाही, तर गाडी भट्टीत कमी वेळ राहणार.

२०१८ मध्ये काय झालं?

टेस्लाने फ्रीमाँटचा कारखाना २०१० मध्ये ४.२ कोटी डॉलरला घेतला. २०१२ मध्ये तिथून मॉडेल एस निघाली. जुलै २०१७ मध्ये मॉडेल ३ च्या पहिल्या गाड्या दिल्या गेल्या. आठवड्याला ५,००० गाड्या हे लक्ष्य २०१७ अखेरचं होतं, ते गाठायला जून २०१८ उजाडला. त्यासाठी कारखान्याच्या आवारात मोठा तंबू ठोकून त्यात जुळणीची नवी लाइन टाकली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेंट शॉपला आग लागली. सप्टेंबरमध्ये इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की उत्पादन सोपं व्हावं म्हणून सातपैकी दोन रंग नेहमीच्या यादीतून काढत आहोत. शंभर वर्षांपूर्वीची मॉडेल टी आठवली ना? तंत्र पूर्ण वेगळं आहे, पण गाड्यांची संख्या वाढवायची तर रंगांची संख्या कमी करायची, हा मार्ग ओळखीचा आहे.

आणि मग सर्वांत महत्त्वाचा पुरावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत मन्रो यांनी मस्क यांना थेट हेच विचारलं. मस्क यांनी मान्य केलं की उत्पादन वाढवताना रंग पुरेसा वाळत नव्हता आणि हे त्यांना वेग वाढवल्यावरच कळलं. गाडी एकतर अगदी सुरुवातीला घ्यावी किंवा उत्पादन स्थिरावल्यावर, असंही त्यांनी सांगितलं.

मला या विषयातून सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. गाडीच्या रंगात ती ज्या वेगाने बनली तो वेग नोंदलेला असतो. दोष दिसला की आपण ‘कुणी केला?’ विचारतो. त्याआधी ‘किती वेळात करायला लावलं?’ आणि ‘थांबवायचा अधिकार कुणाकडे होता?’ हे विचारलं तर हाती जास्त लागतं. लाइनवर चूक थांबली नाही, की ती पुढे सरकत जाते आणि शेवटी टॉर्च घेतलेल्या गिऱ्हाइकापाशी पोचते. तपासणीचं काम संपत नाही, फक्त ते करणारा माणूस बदलतो. कारखान्यात त्याला पगार मिळतो, घराच्या दारात तो पैसे देऊन तेच काम करतो.

आकड्यांचा सापळा

२०२० च्या जे. डी. पॉवरच्या पाहणीत टेस्लाच्या शंभर गाड्यांमागे २५० तक्रारी निघाल्या. सर्व कंपन्यांची सरासरी १६६ होती. आता कुणीही म्हणेल, ‘नुमीचे ४५ आणि टेस्लाचे २५०, झाला निष्कर्ष!’ असं अजिबात करू नका. १९८७ चा आकडाही याच संस्थेच्या पाहणीवर आधारलेला होता, पण त्यात फक्त जुळणीच्या कारखान्यावर येणारे दोष घेतले होते. २०२० च्या पाहणीत स्क्रीन, सॉफ्टवेअर, वापरायला अवघड वाटणाऱ्या सोयी, सगळंच होतं. शिवाय काही राज्यांत टेस्लाने मालकांशी संपर्क करायला परवानगी दिली नव्हती. त्यामुळे ती माहिती ३५ राज्यांपुरती होती आणि टेस्लाला अधिकृत क्रमवारीत धरलं नव्हतं. संस्था तीच, शब्द तेच, मोजलेली गोष्ट वेगळी.

एकाच पाहणीच्या आतली तुलना त्या मानाने भरवशाची असते. ब्लूमबर्गने २०१९ मध्ये मॉडेल ३ च्या सुमारे ५,००० मालकांना प्रश्न विचारले. उशिरा बनलेल्या गाड्यांत रंगाच्या आणि फटींच्या तक्रारी कमी झालेल्या दिसल्या. हे आपल्या वेगाच्या मुद्द्याशी जुळतं. गंमत म्हणजे तक्रार करणारेही बहुतेक जण गाडीवर खूश होते. म्हणून ‘तक्रार’ आणि ‘नाराजी’ हे दोन रकाने वेगळे ठेवा.

न विचारलेल्या जागी सापडणारी साधनं

मालक रंगाचा पृष्ठभाग बघतात. पेंट शॉपच्या आत कोण बघतं? प्रदूषण नियंत्रण खातं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फ्रीमाँटबाबत टेस्लाशी २,७५,००० डॉलर दंडाची तडजोड केली. रंगकामाचं साहित्य साठवताना आणि मिसळताना घातक वायू कमी राहावेत यासाठीची कार्यपद्धती नीट आखली आणि पाळली नाही, असा आरोप होता. काळ ऑक्टोबर २०१६ ते सप्टेंबर २०१९. म्हणजे मॉडेल ३ चं उत्पादन वाढत होतं तोच.

यावरून ‘म्हणून रंग खराब निघाला’ असं सिद्ध होत नाही. तो कागद हवेबद्दल आहे, चकाकीबद्दल नाही. पण घाईची किंमत फक्त गिऱ्हाईक मोजत नाही, पेंट शॉपमधला कामगार आणि आसपासची वस्तीही मोजत असू शकते, हा नवा प्रश्न त्यातून मिळतो. चांगलं साधन कधी कधी उत्तर देण्याऐवजी प्रश्नच बदलून देतं.

अजून एक खबरदारी. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं. तिथे विक्रीला आलेली मॉडेल वाय शांघायच्या कारखान्यातून येते. फ्रीमाँटची ही सगळी कहाणी तिला जशीच्या तशी लावता येणार नाही. बोधचिन्ह तेच असलं तरी इमारत, लाइन, भट्टी आणि माणसं वेगळी आहेत.

तुमच्या विषयाकडे वळताना

तुमचा विषय गाड्यांचा नसेलच. पैठणी असेल, साखर असेल, पाठ्यपुस्तकांची छपाई असेल. ‘पूर्वीसारखा दर्जा राहिला नाही’ हे वाक्य तिथेही भेटणार. ते भेटलं की वहीत चार प्रश्न लिहा. दर्जा कुणी तपासला आणि कोणत्या मापाने? तो तपासला तेव्हा वस्तू कुणाच्या ताब्यात होती? ती बनवायला किती वेळ दिला होता? आणि मधेच कुणी ‘थांबा’ म्हणू शकत होतं का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सहसा सापडत नाही. त्यासाठी काम करणाऱ्या माणसांशी बोलावं लागतं. शक्य असेल तर त्या मुलाखती आधी घ्या, कारण कपाटातले कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.