ओळंबा आणि पदवी

तंत्रशिक्षणाचा इतिहास आपल्याकडे संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. स्थापनेचे वर्ष, इमारतीची कोनशिला, प्राचार्यांची तैलचित्रे. दिवसभर बांधकामावर राबून रात्री शिकू पाहणारा माणूस ह्या इतिहासात सापडत नाही. त्याच्याविषयीचे कागद थोडे आहेत, कारण त्याच्या नावाने कागदच तयार होत नाही. तो मस्टरवर नसतो, असला तर अंगठ्यापुरता असतो. तरीही ह्या इतिहासाचे काही टप्पे आपल्याला जुळवता येतात, आणि दलित चळवळीच्या दृष्टीने ते जुळवणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

1854 साली पुण्यात सरकारने अभियांत्रिकीचा वर्ग व यंत्रशाळा सुरू केली. आजच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे हे मूळ. हेतू साधा होता : रस्ते, पूल, कालवे, धरणे ह्यांच्या कामांसाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली दुय्यम नोकर तयार करणे. वास्तविक ह्या कामांची जाण ज्यांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या होती ते पाथरवट, बेलदार, वडार, गवंडी पुण्याच्या आसपास थोडे नव्हते. पण त्या वर्गाचे दार अक्षरांच्या बाजूने उघडत होते, हातांच्या बाजूने नव्हे. ज्यांच्या घरात अक्षर आधीच होते त्यांची मुले ओव्हरसियर झाली आणि ज्यांनी दगड घडवला ते त्यांच्या हाताखाली हजेरीवर राहिले. वर्णव्यवस्थेला तेथे नवे कायदे करावे लागले नाहीत. प्रवेशाची अट पुरेशी होती.

पुढच्याच वर्षी, 1855 साली, त्याच शहरात जोतीराव फुल्यांनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ह्या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्या इतिहासकारांना नाही. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. उन्हातान्हात राबणारा मजूर, त्याच्या मजुरीला चाट लावणारा मधला माणूस आणि सरकारी खात्यातला शिकलेला अंमलदार हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. हे विधान ग्रंथ वाचून आलेले नाही. त्यामागे कामाच्या जागेवरची धूळ आहे, असे मी मानतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि केंद्राचे सार्वजनिक बांधकाम खातेही त्यांच्याच अखत्यारीत होते. हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे स्पष्ट म्हटले होते. सरकारी बांधकामांच्या ठेक्यांत अस्पृश्यांना वाटा नाही, ही तक्रारही त्याच निवेदनात होती. शिक्षण आणि ठेका एकाच कागदावर! त्यातूनच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना 1944 साली आली. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि त्याचे वर्ग सकाळी भरू लागले, म्हणजे विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करता यावी. सकाळची वेळ ही साधी वेळापत्रकाची बाब नव्हती. पोट आणि पुस्तक ह्यांतून एकच निवड, असे जे आपल्याला सांगितले जात होते, त्याला दिलेले ते उत्तर होते.

पण सकाळचे महाविद्यालय कारकुनाला, शिपायाला, गिरणीच्या दुसऱ्या पाळीतल्या कामगाराला उपयोगी. बिगाऱ्याला नाही. नाक्यावर सकाळी आठच्या आधी उभे राहावे लागते, आज काम कोठे मिळेल हे मुकादम आल्यावर कळते. आज ठाण्याला, उद्या पनवेलला. एक इमारत उभी राहिली की बिऱ्हाड उचलायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला 1947 साली ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावर महाविद्यालय काढले, हे थोर काम. परंतु तेथे विद्यार्थी श्रमाकडे जात होता. श्रमिकाला विद्यार्थी करण्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि तो शिल्लकच राहिला.

येथे मला स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. 1972 च्या दुष्काळात आमचे कुटुंब मराठवाड्यातून निघाले. आईवडिलांनी आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, नंतर शहरात बांधकामावर आले. मी दहावीनंतर सेंट्रिंगवर जाऊ लागलो आणि पुढे संध्याकाळच्या अर्धवेळ पदविका वर्गाला अर्ज केला. अर्जासोबत नोकरीचा दाखला हवा होता. माझ्या ठेकेदाराने तो दिला नाही. त्याचे कारण जातीचे नव्हते, निदान उघड तरी नव्हते. दाखला दिला की मी त्याचा कामगार ठरत होतो. मग मस्टर, मग अपघात झाला तर भरपाई. माझे शिक्षण त्याला अडचणीचे नव्हते, माझे अस्तित्व होते. शेवटी दुसऱ्या एका ठेकेदाराकडे कमी मजुरीवर गेलो, कारण तो लिहून देत होता. तीन रुपये रोज कमी. ती माझी खरी फी.

वर्गात गंमत अशी झाली की निम्मे शिक्षण मला आधीच येत होते. गवंडी काटकोन काढताना दोरीवर तीन, चार आणि पाच अशी मापे धरतो. पुस्तकात त्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात. एक-दोन-चार असा माल आमच्या घमेल्यांत रोज पडत होता; त्याचे नाव एम 15 काँक्रीट आहे हे मला फळ्यावर कळले. ओळंबा, गुण्या, पाणनळी ह्यांच्यामागचे शास्त्र शिकताना मला वडिलांचा हात दिसत असे. पण ह्या हाताला परीक्षेत एकही गुण नव्हता.

पदविकेनंतर पदवीचा एक मार्ग होता. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही 1920 साली स्थापन झालेली संस्था सेक्शन ए आणि बी अशा परीक्षा घेई. उत्तीर्ण झालेल्याला पदवीधराच्या बरोबरीचे मानत. वर्ग नाही, हजेरी नाही, नोकरी करीत अभ्यास करायचा. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांतील कितीतरी ओव्हरसियर ह्याच वाटेने अभियंता झाले, त्यांत आपलेही होते. मी सहा वर्षे घेतली. परीक्षा इंग्रजीत, मार्गदर्शक कोणी नाही, प्रयोगशाळा नाही. टिकले थोडे, गळाले फार. तरी दार होते. मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी केंद्राने ह्या परीक्षेची पदवीशी असलेली सरसकट समकक्षता बंद केली. दर्जाचा मुद्दा मी समजू शकतो. मात्र जुने दार बंद करताना त्याच उंचीचे दुसरे उघडले का, हे कोणी विचारले नाही.

1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने दहावी-बारावी नसलेल्या प्रौढालाही पूर्वतयारीच्या परीक्षेतून पदवीकडे जाऊ दिले, ही त्या काळातली मोठी गोष्ट. पण आमच्या वस्तीतून त्या वाटेने गेलेले बहुतेक जण कला शाखेत गेले. बाबासाहेबांनी 1942 साली जे म्हटले होते ते पुन्हा आठवावे.

आणि बाईचे काय? घमेले डोक्यावर घेऊन ती ह्या धंद्यात बिगारी म्हणून येते आणि बिगारी म्हणूनच संपते. पुरुष बिगाऱ्याचा निदान मिस्त्री होतो. संध्याकाळचा वर्ग भरतो तेव्हा तिची चूल पेटायची असते. अर्धवेळ शिक्षणाचे सारे वेळापत्रक पुरुषाचा दिवस धरून आखलेले आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनीही मान्य केलेले नाही.

1996 साली बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला, महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ 2011 साली आले. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. म्हणजे पुन्हा तोच कागद, आणि तो देणारा पुन्हा तोच माणूस. मंडळाच्या शैक्षणिक योजनांत कामगाराच्या मुलांना पदवीपर्यंत साहाय्य आहे, त्याच्या पत्नीलाही आहे. ह्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिशीतला गवंडी स्वतः शिकू इच्छित असेल, हे योजनेच्या कल्पनेत बसत नाही. 2015 पासून पूर्वानुभवाची कौशल्य प्रमाणपत्रे मिळू लागली. पण ते प्रमाणपत्र घेऊन कोणी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला बसलेला मला अजून भेटलेला नाही. 2023 साली तंत्रशिक्षण परिषदेने नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या पदविका आणि पदवी वर्गांना मोकळीक दिली, आणि अट घातली नोंदणीकृत आस्थापनेतल्या किमान एक वर्षाच्या पूर्णवेळ नोकरीची. नाक्यावरच्या माणसाची आस्थापना कोणती?

आपल्या संघटना नाक्यांवर नोंदणीचे अर्ज भरून घेतात, ते काम चांगले आहे. त्या अर्जाच्या पाठीमागे आणखी एक कोरा कागद जोडावा आणि प्रत्येकाला विचारावे : तू किती शिकलास, कोठे थांबलास, आणि दाखला मिळाला असता तर पुढे काय शिकला असतास. मी माझ्या वस्तीत हे सुरू केले आहे. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस जणांनी उत्तरे दिली. त्यांतल्या नऊ बायका होत्या.