उन्हाने त्वचा भाजणे

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्वचेला होणारा दाह. वैद्यकीय लिखाणात सूर्यदाह. कातडी लाल होते, तापते, कपड्याचा स्पर्शही सोसत नाही. जास्त भाजल्यास पाण्याने भरलेले फोड येतात आणि चार ते सात दिवसांनी साल निघू लागते. ऊन लागणे, म्हणजे उष्म्याने सगळ्या शरीराचेच तापमान बिघडणे, ही वेगळी अवस्था आहे. एकाच दुपारी एकाच माणसाला दोन्ही होऊ शकते. त्यामुळे घरात त्यांची गल्लत होते आणि त्वचेवर लेप लावण्याच्या नादात खरा धोका नजरेतून सुटतो.

हे भाजणे उष्णतेचे नसते. जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांना १८०१ मध्ये जांभळ्या रंगापलीकडचे अदृश्य किरण सापडले. त्वचा लाल करणारे ते हेच किरण, असे स्वीडनचे नेत्रवैद्य एरिक विडमार्क यांनी १८८९ मध्ये प्रयोगाने दाखवले. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांत ‘अ’ गटाचा वाटा फार मोठा असतो, पण लाली आणि वेदना मुख्यतः ‘ब’ गटाच्या, साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांमुळे येतात. खिडकीच्या साध्या काचेतून ‘ब’ किरण जवळजवळ आत येतच नाहीत. ‘अ’ बऱ्याच प्रमाणात येतात. म्हणून काचबंद गाडीत बसून माणूस रापतो, पण भाजत सहसा नाही.

हवा थंड असली तरी त्वचा भाजते, त्याचेही कारण हेच. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता १० ते १२ टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरलेले पुण्या-मुंबईचे ट्रेकर हिमालयात जातात आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना भाजून परततात, कारण तिथे किरण खालूनही येतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परावर्तित करते. गणपतीपुळ्याच्या किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर नुसते छत्रीखाली बसून पूर्ण बचाव होत नाही, तो यामुळे. पातळ ढगांचाही भरवसा नाही. त्यांतून बहुतेक किरण खाली येतात.

महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर तो मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस येतो. किरणांची तीव्रता ठरते ती सूर्याच्या उंचीवरून, पाऱ्यावरून नव्हे. सोपी खूण सावलीची: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तर ते ऊन भाजणारे समजावे. ‘आपल्यासारख्या सावळ्यांना काही होत नाही’ हा समज मात्र काढून टाकायला हवा. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे प्रकार मांडले; पुढे त्यांची संख्या सहा झाली. भारतीय त्वचा बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. तिच्यातील मेलॅनिन किरणांना बरेच अडवते, पण पूर्ण नाही. गडद रंगावर लाली दिसत नाही एवढेच. हाताला लागणारी ऊब, आग आणि नंतर सुटणारी साल यांवरून ओळखावे लागते. पाठीवर ऊन घेत शेतात किंवा मिठागरात राबणाऱ्याची कातडी सरावलेली असते. एरवी पंख्याखाली बसणारा सुट्टीला समुद्रावर जातो, तो पहिल्याच दिवशी सापडतो.

किरण बाह्यत्वचेतील पेशींच्या डीएनएवर आघात करतात आणि त्याच्या साखळीतील शेजारशेजारचे थायमीन रेणू एकमेकांना चिकटतात. दुरुस्ती न होण्याइतकी हानी झालेल्या पेशी स्वतःहून मरतात. बिघडलेल्या पेशींतील आरएनएचे तुकडे शेजारच्या निरोगी पेशींनाही सावध करतात, असे २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या संशोधनात दिसले. मग प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये पाझरतात, केशवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येते आणि त्वचा ठणकते. या सगळ्याला वेळ लागतो. लाली तीन ते पाच तासांनी दिसू लागते आणि १२ ते २४ तासांत कळसाला पोचते. पुढे दोन-तीन दिवसांत ओसरते. संध्याकाळी किनाऱ्यावरून परतताना ‘काही झाले नाही’ म्हणणारा माणूस रात्री पाठ टेकू शकत नाही, तो या उशिरामुळे.

घरगुती उपायांची कीर्तीही बरीचशी याच वेळापत्रकावर उभी आहे. दुसऱ्या दिवशी दुखणे शिगेला असताना जे काही लावावे, त्यानंतर ते कमीच होणार. श्रेय लेपाला मिळते, मग तो चंदनाचा असो की टूथपेस्टचा. झालेली हानी कोणताही लेप मागे फिरवत नाही. उपायांकडून मागायचे ते इतकेच: आग कमी व्हावी, त्वचेतील ओलावा टिकावा आणि नवी इजा होऊ नये.

या तिन्ही कसोट्यांना सर्वांत चांगले उतरते ते साधे पाणी. सावलीत येताच भाजलेल्या जागेवर गार पाणी सोडावे किंवा धुतलेल्या सुती पंचाची ओली घडी १० ते १५ मिनिटे ठेवावी; दिवसातून चार-पाच वेळा हे करता येते. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारे पाणी मात्र उपयोगाचे नाही, ते स्वतःच पोळते. माठातले पाणी घ्यावे. मातीच्या छिद्रांतून झिरपून बाष्प होताना ते जेवढे गार होते, तेवढा गारवा पुरतो. बर्फ थेट लावू नये. आधीच दुखावलेल्या त्वचेला त्याने थंडीची इजा होते. अंघोळीला साबण आणि घासणी नको. अंग टिपून घ्यावे, पुसू नये, आणि किंचित ओले असतानाच सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे.

हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे डाग देण्याच्या उपचाराचा. आगीने नुसत्या पोळलेल्या अंगाला तिथे शेक देण्यास सांगितले आहे. ऊन व उष्ण वारा यांनी भाजलेल्याला मात्र नेहमी थंडच उपचार करावेत, असे तो बजावतो. पहिला सल्ला आज कोणी डॉक्टर देणार नाही; दुसरा जसाच्या तसा टिकला आहे.

कोरफड हा महाराष्ट्रातल्या कुंडीतला ठरलेला उपाय. तिच्या गरात सुमारे ९९ टक्के पाणी आणि उरलेल्यात बुळबुळीत बहुशर्करा असतात. गारवा मिळतो, पातळ थर बसतो, चिकटपणा लवकर वाळतो. दाह खरोखर कमी होतो का, याबद्दल चाचण्यांचे एकमत नाही. कृत्रिम अतिनील किरणांनी लाल केलेल्या त्वचेवर २००५ मध्ये थायलंडमध्ये झालेल्या चाचणीत कोरफडीचा फायदा दिसला नाही. २००८ मध्ये जर्मनीत झालेल्या चाचणीत लाली काहीशी कमी झाली. आराम वाटतो म्हणून जरूर वापरावी, पण पान कापल्यावर गळणारा पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्यावा. त्यातील अ‍ॅलॉइनने खाज सुटते. बाजारातले भडक हिरवे, सुवासिक जेल घरच्या गरापेक्षा चांगले असेलच असे नाही.

दही, साय, काकडीचा कीस यांचा गुण म्हणजे गारवा आणि ओल. अखंड कातडीवर दही पाच-दहा मिनिटे ठेवून धुऊन टाकल्यास बिघडत नाही. फोड फुटलेल्या जागी ते लावणे म्हणजे जिवाणूंना आवतण देणे आहे. सहाणेवर उगाळलेले चंदन ओले असेपर्यंत सुखावते. मुलतानी मातीचे तसेच, पण ती वाळली की त्वचा ओढते, आणि खरवडून काढताना झालेला फायदा वजा होतो. हळदीने लाली पिवळ्या रंगाखाली झाकली जाते आणि भाजणे वाढते आहे की उतरते आहे हे कळेनासे होते.

तूप आणि खोबरेल तेलाबद्दल घराघरात वाद होतात. पहिल्या दिवशी, अंग तापलेले असताना, जाड स्निग्ध थर देऊ नये. तो उष्णता कोंडतो. शंभरदा पाण्यात धुतलेल्या तुपाची, शतधौत घृताची गोष्ट निराळी. त्यात पाणी मुरून ते पांढऱ्या मऊ मलमासारखे होते. दोन-तीन दिवसांनी, आग शमून कातडी कोरडी पडू लागली की साधे खोबरेलही चालते. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात ते कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे मुठेल, हेही त्याच टप्प्यावरचे. ते जवळजवळ शरीराच्या तापमानालाच वितळते, त्यामुळे चोळावे लागत नाही.

लिंबू मात्र कधीच नको. ‘काळेपणा जातो’ म्हणून ते सर्रास सुचवले जाते. आम्लाने चुरचुरते हा झाला किरकोळ भाग. लिंबाच्या, विशेषतः सालीच्या रसात सोरालेन जातीची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर आणखी भाजते, फोड येतात आणि महिनोन्महिने न जाणारे तपकिरी पट्टे उमटतात. पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हात बसवतात, तो याच द्रव्यांचा हेतुपुरस्सर उपयोग. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा हेही वर्ज्य. पेस्टमधला पुदिना गार भासतो, पण बाकीचे घटक त्वचा चिडवतात.

औषधांपैकी वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन रोखते, म्हणून लवकर घेतल्यास थोडे अधिक उपयोगी पडते. मात्र पोटाचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास आणि अंगात पाणी कमी पडलेले असताना ते टाळावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. कॅलामाइन लोशनने खाज शमते. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरे करणारी’ मलमे हा भारतातला जुना रोग आहे. उन्हाने भाजल्यानंतर लावलेल्या स्टेरॉइडचा फायदा नगण्य असतो, आणि चेहऱ्यावर त्यांचा वापर लांबला तर कातडी पातळ पडून पुढे ऊनच सोसेनासे होते.

भाजलेल्या त्वचेकडे रक्त आणि पाणी ओढले जाते, म्हणून ताक, कोकम सरबत, पन्हे किंवा मीठ-साखरेचे पाणी वारंवार प्यावे. मद्य टाळावे. सैल सुती कपडे घालावेत. फोड फोडू नयेत. आतले पाणी आणि वरची कातडी हीच त्या जागेची निर्जंतुक पट्टी असते. आपोआप फुटल्यास पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावावे आणि स्वच्छ गॉज ठेवावे. फोड मोठ्या भागावर किंवा चेहऱ्यावर असतील, ताप-हुडहुडी, उलट्या किंवा पू दिसत असेल, डोळे दुखून उजेड सहन होत नसेल, अथवा भाजलेले बाळ वर्षाच्या आतले असेल, तर डॉक्टर गाठावा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून त्याला लगेच गार पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सुटणारी साल ओढू नये. खालची नवी त्वचा काही आठवडे हळवी असते. तिला लांब बाह्या, उपरणे, रुंद काठाची टोपी आणि दर दोन तासांनी लावलेले सनस्क्रीन लागते.

थोड्याशा उन्हानेही वारंवार भाजत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे. त्याच्या हवेतून उडणाऱ्या कणांनी चेहरा, मान आणि हात यांवर येणारी लाली उन्हाने भाजल्यासारखीच दिसते. मात्र उन्हात उघडा न पडणारा पापण्यांचा आणि हनुवटीखालचा भागही ती सोडत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. अशी गोळी चालू असल्यास ती मनाने बंद न करता चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. पर्यायी औषध बहुधा मिळते.